प्रॉडक्ट मॅनेजर राहावे की पुन्हा अभियंता व्हावे?

बँकेतून निवृत्त झालेल्या माणसाकडे लोक सहसा दोन प्रश्न घेऊन येतात. ठेवी कोठे ठेवाव्यात, हा पहिला. आणि मुलाच्या गृहकर्जाचे व्याज कमी कसे करून घ्यावे, हा दुसरा. धंतोली उद्यानात सायंकाळी फिरावयास येणाऱ्या आमच्या मंडळींकडून अलीकडे तिसऱ्या प्रश्नाची भर पडली आहे. "मुलगी पुण्यात चांगल्या हुद्द्यावर आहे, पगार उत्तम आहे, आणि आता म्हणते की हे मॅनेजरचे काम सोडून तांत्रिक कामाकडे वळायचे आहे. तुम्हीच तिला दोन शब्द सांगा." सांगणाऱ्या वडिलांच्या स्वरातील काळजी मला परिचित आहे. एखादा तरुण खातेदार घरचा चालता धंदा बाजूला ठेवून नव्या धंद्यासाठी कर्ज मागावयास येई, तेव्हा त्याच्यासोबत आलेल्या वडिलांच्या चेहऱ्यावर हीच काळजी असे.

ज्या मुलीमुळे हा लेख लिहावासा वाटला, ती आमच्या निकटच्या परिचयातील कुटुंबातली आहे. तिच्या संमतीने लिहीत आहे; नाव व कंपनी वगळली आहे आणि आकडे ओळख पटू नये इतपत बदलून पूर्णांकात मांडले आहेत. वय ३१. नागपुरातच संगणक शाखेची अभियांत्रिकी पदवी घेतली. पहिली दोन वर्षे प्रोग्रामिंग केले आणि गेली सहा वर्षे पुण्याच्या एका सॉफ्टवेअर कंपनीत ती प्रॉडक्ट मॅनेजर आहे. वडील निवृत्त शिक्षक, मधुमेही, हृदयात एक स्टेंट. पुण्यात स्वतःचे घर, त्यावर कर्ज. विवाह व्हावयाचा आहे.

'प्रॉडक्ट मॅनेजर' म्हणजे नेमके काय, हे तिच्या वडिलांनाही सहा वर्षांत नीटसे उमगले नव्हते. आपल्यापैकी अनेक घरांची हीच स्थिती असेल, म्हणून थोडे विस्ताराने सांगतो. या पदाचे मूळ संगणकात नाही, साबणात आहे. अमेरिकेतील प्रॉक्टर अँड गॅम्बल कंपनीत नील मॅकेलरॉय नावाचा एक तरुण कॅमे या साबणाच्या जाहिरातीचे काम पाहत होता. त्याच कंपनीचा आयव्हरी हा जुना साबण सगळे लक्ष आणि पैसा खेचून घेई. मॅकेलरॉयने मे १९३१ मध्ये वरिष्ठांना तीन पानांचे टिपण लिहिले. प्रत्येक साबणासाठी एक स्वतंत्र जबाबदार माणूस हवा, विक्री कोठे वाढते व कोठे घटते आणि का, याचा छडा लावणे हेच त्याचे काम असावे, असे त्यात मांडले होते. कंपनीने ते मानले. हाच मॅकेलरॉय पुढे कंपनीचा प्रमुख झाला आणि १९५७ ते १९५९ या काळात अमेरिकेचा संरक्षणमंत्रीही. साबणाच्या वडीमागे उभा केलेला तो माणूस पुढे सॉफ्टवेअरच्या धंद्यात आला. तेथे तो स्वतः प्रोग्राम लिहीत नाही. ग्राहकाला काय हवे ते शोधणे, त्यातले आधी काय करावयाचे ते ठरविणे, अभियंते, रचनाकार, विक्री विभाग आणि कायदा विभाग या सर्वांना एका वाटेवर आणणे, आणि शेवटी वस्तू चालली नाही तर उत्तर देणे, हे त्याचे काम.

आपल्या रोजच्या व्यवहारातले उदाहरण द्यावयाचे तर यूपीआयचे. २०१६ साली ही व्यवस्था आली, तेव्हा तिच्यात पैसे पाठविण्यासोबत पैसे मागण्याचीही सोय होती. भामट्यांनी नेमकी हीच सोय हेरली. "तुम्हाला पैसे पाठवतो" असे सांगून ते मागणी पाठवीत, आणि समोरचा माणूस पैसे येणार या समजुतीने पिन दाबून बसे. (पैसे घेताना पिन कधीही लागत नाही, हे घरातील ज्येष्ठांना पुन्हा एकदा सांगून ठेवावे.) आता ही सूचना पडद्यावर कोठे दाखवावी, पिन टाकण्याआधी की मागणी उघडताच, किती मोठ्या अक्षरांत, कोणत्या भाषेत, आणि त्यामुळे प्रामाणिक दुकानदाराचा व्यवहार किती रेंगाळेल, हे सगळे तोलणे म्हणजे प्रॉडक्ट मॅनेजरचे काम. ते क्षुल्लक नाही. चांगले केले तर हजारो लोकांचे पैसे वाचतात.

मग तिला ते का सोडावयाचे होते? तिचेच शब्द देतो. "काका, दिवसाला सहा-सात बैठका असतात. संध्याकाळी मी काय केलं, असं स्वतःला विचारलं तर बोटानं दाखवता येईल असं काही नसतं. मी लिहिते ते दुसरे बांधतात. त्यांना अडचण आली की मी फक्त विचारू शकते, कधी होईल? ती अडचण सोडवायला मला हात घालावासा वाटतो, आणि तो माझा अधिकार नाही."

हे ऐकताच तिचे म्हणणे उचलून धरावे असे मला वाटले नाही. कर्जमागणीत कारण एक लिहिलेले असते आणि गरज दुसरीच असते, हे बँकेत पस्तीस वर्षे पाहिले आहे. मी तिला विचारले, "तुझा वरिष्ठ उद्या बदलला, बैठका निम्म्या झाल्या, तर हेच काम तुला आवडेल का?" ती बराच वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, "थोडं बरं वाटेल. पण हात घालावासा वाटतो ते राहीलच."

हा प्रश्न मी मुद्दाम सर्वांना विचारतो. काही महिन्यांपूर्वी आमच्या नात्यातला एक तरुण असाच तांत्रिक कामाकडे वळण्याच्या गोष्टी बोलू लागला होता. चार प्रश्नांत लक्षात आले की त्याला प्रोग्रामिंगची ओढ मुळीच नाही. रात्री अकरा वाजता संदेश पाठविणारा वरिष्ठ त्याला नकोसा झाला आहे. त्याने विभाग बदलून घेतला, पद तेच ठेवले, आणि आता तो प्रसन्न आहे. त्याने वर्षभर रात्री जागून संगणकाचे अभ्यासक्रम केले असते, तर ते श्रम चुकीच्या खात्यात जमा झाले असते.

आमच्या पिढीपुढे हा प्रश्न वेगळ्या वेषात आला होता. रंगराजन समितीचे बँकांच्या संगणकीकरणावरील अहवाल १९८४ आणि १९८९ साली आले. त्यानंतर शाखांतून लेजर पोस्टिंगची यंत्रे दिसू लागली. प्रादेशिक कार्यालयात संगणक कक्ष उघडले, आणि गणित किंवा विज्ञानाची पदवी असलेल्या काही तरुण अधिकाऱ्यांना तेथे बसविण्यात आले. बँक अधिकाऱ्याची शिडी १९७९ पासून ठरलेली होती, स्केल एक ते स्केल सात. त्या शिडीवर चढावयाचे तर शाखा सांभाळावी लागे, ग्रामीण भागात जावे लागे, कर्जवाटप करावे लागे. संगणक कक्षात रमलेल्याला बढतीची वेळ आली की कक्ष सोडून एखाद्या तालुक्याच्या गावी शाखाधिकारी म्हणून रुजू होणे भाग पडे.

माझ्या परिचयाचे दोन सहकारी त्या कक्षात होते. एकाने बढती दोनदा नाकारली. घरी, नातेवाइकांत त्याला बरेच ऐकून घ्यावे लागले. त्याच्या मागून आलेले त्याच्या पुढे गेले. पुढे शाखा कोअर बँकिंगवर नेण्याचे काम सुरू झाले, तेव्हा रात्री दोन वाजता एखाद्या शाखेची शिल्लक जुळेना की सहाव्या स्केलचे साहेब त्याला स्वतः दूरध्वनी करीत. तो स्केल तीनवर निवृत्त झाला. त्याला पश्चात्ताप झाल्याचे मी कधी ऐकले नाही, परंतु त्याचे निवृत्तिवेतन त्याच्या बरोबरीच्यांपेक्षा कमी आहे, हेही खरे आहे आणि ते लिहिले पाहिजे. दुसरा सहकारी त्याच कक्षात राहिला तो कामाच्या ओढीने नव्हे, बदली टळावी म्हणून. यंत्रे बदलली, भाषा बदलल्या, तो मात्र पहिल्या यंत्रावर शिकलेल्या गोष्टींवरच अडून राहिला. शेवटची काही वर्षे त्याला कोणतेच काम नव्हते. तांत्रिक वाट सुरक्षित असते, असे कोणी म्हणाले की मला हा दुसरा सहकारी आठवतो. त्या वाटेवर ज्ञान नाशवंत मालासारखे असते. गोदामात ठेवून भाव वाढण्याची वाट पाहता येत नाही.

कसबी माणसाला वर चढण्यासाठी कसब सोडून साहेब व्हावे लागते, ही अडचण मोठ्या संस्थांनी फार पूर्वी ओळखली. आयबीएम कंपनीने गेल्या शतकाच्या सातव्या दशकात 'फेलो' हे पद निर्माण केले. हाताखाली माणसांची फौज नसतानाही केवळ तांत्रिक कर्तृत्वावर तेथवर पोहोचता येते. आपल्याकडे अणुऊर्जा विभागात शास्त्रज्ञांना वरची श्रेणी देताना जागा रिकामी होण्याची वाट पाहिली जात नाही. माणसाचे काम पाहून श्रेणी वाढते, आणि तो प्रयोगशाळेतच राहू शकतो. आपल्या शहरातील नीरी ही १९५८ साली स्थापन झालेली संस्था घ्या. तेथेही शास्त्रज्ञाची श्रेणी त्याच्या कामाच्या मूल्यमापनावर वाढते. सॉफ्टवेअर कंपन्यांतून आज अशा दोन समांतर शिड्या बऱ्याच ठिकाणी आहेत: एक व्यवस्थापनाची आणि एक निव्वळ तंत्राची, आणि वरच्या पायऱ्यांवर दोन्हींचे वेतन सारखे असू शकते. तरीही सर्वच कंपन्यांत ही दुसरी शिडी खरोखर उभी असते असे नाही; कोठे कोठे ती केवळ भिंतीवर रंगविलेली असते. आपल्या कंपनीत वीस वर्षे तंत्रातच राहून वर गेलेली दोन तरी माणसे दाखवता येतात का, हे पाहिले की उलगडा होतो.

अॅपलचे सहसंस्थापक स्टीव्ह वॉझनियाक यांची गोष्ट या संदर्भात सांगण्यासारखी आहे. १९७७ च्या सुमारास अॅपलमध्ये पूर्ण वेळ येण्यास ते तयार नव्हते. ह्यूलेट पॅकार्डमधली अभियंत्याची नोकरी त्यांना प्रिय होती, आणि कंपनी काढली म्हणजे माणसे सांभाळावी लागतील याची त्यांना धास्ती होती. कंपनी काढूनही तू तळाच्या पायरीवरचा अभियंताच राहू शकतोस, हे एका मित्राने पटवून दिले, तेव्हा ते आले.

उलट दिशेचे उदाहरण तर आपल्या धंतोलीचेच आहे. विक्रम पंडित यांचा जन्म १९५७ साली धंतोलीत झाला. न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात त्यांनी विद्युत अभियांत्रिकीची पदवी आणि पदव्युत्तर पदवी घेतली, नंतर त्याच विद्यापीठातून व्यवसाय व्यवस्थापनाची पदवी आणि १९८६ मध्ये वित्तशास्त्रात डॉक्टरेट मिळविली. डिसेंबर २००७ ते ऑक्टोबर २०१२ या काळात ते सिटीग्रुपचे मुख्य कार्यकारी अधिकारी होते. वाट बदलणे म्हटले की आपल्याकडे लोक त्यांचे शेवटचे पद सांगतात. मला त्यांचा मधला काळ अधिक लक्षणीय वाटतो. अभियांत्रिकी सोडली तेव्हा नव्या विषयात त्यांनी वरवरची ओळख करून घेऊन काम भागविले नाही, त्यातील सर्वोच्च पदवीपर्यंत अभ्यास केला.

आणि दूर कशाला जावे? धंतोलीत राहणाऱ्याच्या अवतीभवती दवाखानेच दवाखाने आहेत. माझ्या ओळखीचे एक शल्यचिकित्सक स्वतःच्या रुग्णालयाचे मालक आहेत. दुपारनंतर ते विमा कंपन्यांची कागदपत्रे, परिचारिकांच्या पाळ्या आणि विजेची बिले यांत बुडालेले असतात; सकाळी मात्र शस्त्रक्रियागृहाबाहेर त्यांना कोणी हलवू शकत नाही. ते म्हणाले, "दोन वर्षे चाकू खाली ठेवला तर पुन्हा उचलताना हात विचार करायला लागतो." आमच्या त्या मुलीचा चाकू सहा वर्षे खाली होता. तिला मी हे सांगितले, तेव्हा ती हसली नाही. तिला तीच भीती होती.

तिच्या आईची भीती वेगळी होती. समाजाच्या परिचय मेळाव्याची पुस्तिका निघणार, तीत 'सीनियर प्रॉडक्ट मॅनेजर' असे लिहिलेले आहे. "मॅनेजरची इंजिनीअर झाली, असं लोकांना सांगायचं का?" हा त्यांचा प्रश्न. यावर आपण शहाण्यासारखे हसू नये. पदनाम हे आपल्या समाजात पतदर्शक प्रमाणपत्रासारखे चालते, आणि मुलीची आई ते सहज सोडून देईल अशी अपेक्षा करणे अन्यायाचे आहे. मी एवढेच म्हणालो की वहिनी, जो मुलगा पदनाम पाहून येईल तो पदनामासोबत संसार करील. त्यापेक्षा तिच्या कामाविषयी दोन प्रश्न विचारणारा आलेला बरा. त्यांना ते पटले की नाही कोण जाणे. विषय मात्र त्यांनी बदलला.

आता हिशोबाकडे येतो, कारण या बाबतीत मला खरोखर काही सांगता येण्यासारखे आहे. तिचे वार्षिक वेतन ३२ लाख, हाती दरमहा सुमारे २ लाख. एका दुसऱ्या कंपनीने तिला डेटा अभियंता म्हणून २० लाखांवर घेण्याची तयारी दाखविली होती. हाती येणार दरमहा सुमारे १ लाख ३५ हजार. गृहकर्जाची शिल्लक ६० लाख, व्याज साडेआठ टक्के, मुदत वीस वर्षे. मासिक हप्ता सुमारे ५२ हजार. घरखर्च ४० हजार. आईवडिलांना २० हजार. विमा आणि म्युच्युअल फंडातील मासिक गुंतवणूक मिळून ३० हजार. एकूण १ लाख ४२ हजार. म्हणजे आज दरमहा ५८ हजार उरतात, आणि नव्या नोकरीत ७ हजार कमी पडतात. सात हजारांची तूट गुंतवणूक कमी करून भरून निघते. म्हणजे घर उघड्यावर पडत नाही. परंतु दरमहा ६५ हजारांचा फरक म्हणजे वर्षाला ७ लाख ८० हजार. नव्या कामात पगार तीन वर्षे मुळीच वाढला नाही, असे सर्वांत वाईट गृहीत धरले तर २३ लाख ४० हजार. मी तिला हा आकडा कागदावर लिहून दिला आणि म्हणालो, "ही तुझी शिक्षणाची फी समज. एवढी फी देऊन हा अभ्यासक्रम करायचा आहे का?" तिच्यापुढे अजून सत्तावीस वर्षांची नोकरी आहे. त्या मानाने फी फार नाही, असे माझे मत; पण फी आहे हे नाकारून पुढे जाऊ नये.

तिने एक उपाय स्वतःच सुचविला होता, कर्जाची मुदत वीसवरून तीस वर्षे करून घेण्याचा. हप्ता ५२ हजारांवरून सुमारे ४६ हजारांवर येतो. सहा हजारांची सोय दिसते; परंतु व्याजाची एकूण रक्कम ६५ लाखांवरून १ कोटी ६ लाखांवर जाते. महिन्याच्या सहा हजारांसाठी ४१ लाख! असा सल्ला देणारे मित्र बरेच भेटतात, म्हणून आकडे दिले.

दुसरी गोष्ट, तिच्याजवळ ४ लाखांची मुदत ठेव होती आणि हाती येणारा ३ लाखांचा बोनस ती कर्जात भरून टाकणार होती. बदलत्या व्याजदराच्या गृहकर्जावर मुदतपूर्व परतफेडीचा दंड वैयक्तिक कर्जदाराला लागत नाही, त्यामुळे पैसे केव्हाही भरता येतात. भरलेले पैसे मात्र परत मागता येत नाहीत. नोकरी बदलणाऱ्या माणसाने अशा वेळी रोख हाती ठेवावी. हप्ता, घरखर्च आणि आईवडिलांची रक्कम मिळून १ लाख १२ हजार. नऊ महिन्यांचे सुमारे १० लाख हवेत. ठेव व बोनस मिळून ७ लाख झाले. उरलेले ३ लाख सध्याच्या शिलकीतून पाच-सहा महिन्यांत जमतात. म्हणजे तोवर राजीनामा देऊ नये, हे हिशोबानेच ठरले.

तिसरी गोष्ट कोणाच्याच ध्यानात नव्हती. आईवडील दोघेही तिच्या कंपनीच्या सामूहिक आरोग्य विम्यात होते. राजीनाम्याबरोबर ते छत्र जाते. नवी वैयक्तिक पॉलिसी घेतली तर पूर्वीपासून असलेल्या आजारांसाठी प्रतीक्षा काळ असतो. विमा नियामकाने २०२४ मध्ये तो जास्तीत जास्त तीन वर्षांवर आणला आहे. स्टेंट असलेल्या मधुमेही वडिलांसाठी तीन वर्षे ही लहान गोष्ट नाही. म्हणून पॉलिसी नोकरीत असतानाच सुरू करावी, म्हणजे प्रतीक्षा काळाचे घड्याळ लवकर चालू होते. सामूहिक पॉलिसीतून त्याच विमा कंपनीच्या वैयक्तिक पॉलिसीत जाता येईल का, हीदेखील विचारणा नोकरी सोडण्यापूर्वी लेखी करावी. भविष्य निर्वाह निधी काढून घेऊ नये, नव्या खात्यात वर्ग करावा, हे तर सांगावयास नको.

कृत्रिम बुद्धिमत्तेमुळे प्रोग्रामर राहणारच नाहीत, असे सांगणारेही तिला भेटले. आणि मॅनेजरच राहणार नाहीत असे सांगणारेही. संगणक आले तेव्हा बँकांत लेखनिक राहणार नाहीत, हे मी सभांतून वर्षानुवर्षे ऐकले. काम बदलले, आणि कोणत्या बाजूने बदलेल हे त्या सभांत बोलणाऱ्यांपैकी कोणालाही आधी सांगता आले नव्हते. या अंदाजावर एवढा मोठा निर्णय बांधू नये.

राहिला मूळ प्रश्न, तिचा हात अजून चालतो का, आणि ओढ खरी आहे का. यासाठी राजीनाम्याची आवश्यकता नव्हती. तिने सहा महिने सकाळी साडेपाच ते साडेसात हा वेळ बाजूला काढला. आयआयटी आणि भारतीय विज्ञान संस्था मिळून चालवितात त्या एनपीटीईएलवर डेटाबेस आणि पायथनचे अभ्यासक्रम घरबसल्या विनामूल्य शिकता येतात. परीक्षा दिली तरच थोडे शुल्क. पहिल्या महिन्यात तिला महाविद्यालयात सहज जमलेले प्रोग्राम जमेनात. दोनदा तिने सोडून दिले. तिसऱ्या महिन्यात तिने एक काम अंगावर घेतले, जे मला ऐकताक्षणीच समजले. तिच्या कंपनीच्या नोंदींतील ग्राहकांचे भरणे आणि बँकेकडून आलेले हिशोब यांची जुळवणी करणारा प्रोग्राम. आमच्या काळी आंतरशाखा जुळवणीसाठी माणसे रविवारी बोलावली जात.

सगळे जुळले, ४३ नोंदी उरल्या. एका शनिवारी ती नागपुरात घरी आली होती. सकाळपासून तिने त्या ४३ नोंदींचा पिच्छा पुरविला. आईने दोनदा वाढलेले ताट परत झाकून ठेवले. दुपारी चारच्या सुमारास कारण सापडले. एका यंत्रणेत व्यवहाराची वेळ ग्रीनिचप्रमाणे नोंदली जाई आणि दुसरीत भारतीय वेळेप्रमाणे. साडेपाच तासांचा फरक. मध्यरात्रीपासून पहाटे साडेपाचपर्यंत झालेले व्यवहार एका वहीत आदल्या दिवशी पडत होते. त्या ४३ ही नोंदी त्याच वेळेतल्या होत्या. तिने मला दूरध्वनीवर हे सांगितले, तेव्हा तिच्या आवाजात जे होते ते सहा वर्षांच्या पदोन्नत्यांविषयी बोलताना मी कधी ऐकले नव्हते. मला स्वतःला आनंद झाला तो वेगळाच. शिल्लक जुळल्याचा आनंद बँकेतला माणूस विसरत नाही.

ग्राहकाला काय हवे, हे जाणण्याची सहा वर्षांची सवयही वाया जात नाही, हे तेव्हा दिसले. निव्वळ प्रोग्रामरने ४३ नोंदी वगळून अहवाल दिला असता. हिशोब तपासणाऱ्या माणसाला त्या ४३ चाच जाब द्यावा लागतो, हे तिला ठाऊक होते. तांत्रिक शिडीच्या वरच्या पायऱ्यांवरही माणसांना पटवून देणे, लिहून मांडणे, बैठकांत बसणे सुटत नाही. बैठका पूर्णपणे टळतील या आशेने जाणाऱ्याने जाऊच नये.

बाहेरच्या २० लाखांच्या नोकरीऐवजी आपल्याच कंपनीतील डेटा विभागात बदली मागावी, असे मी सुचविले. वेतन टिकते, आईवडिलांचा विमा टिकतो, आणि तिचे नाव तेथे माहीत आहे. याला तिची हरकत होती आणि ती योग्य होती. "इथे मला सगळे मॅनेजर म्हणूनच ओळखतात, काका. काही अडलं की मला पुन्हा बैठकीतच बसवतील. तिथे मी पहिल्या दिवसापासून अभियंता असेन." बाहेरच्या कंपनीत शिकविणारी माणसेही अधिक चांगली होती, हे तिने चौकशी करून काढले होते. यावर आमचे तीन आठवडे बोलणे चालले. शेवटी तिने बदलीचा अर्ज केला, पण एक अट लेखी घेतली: सहा महिने तिच्याकडे कोणत्याही उत्पादनाचे व्यवस्थापन येणार नाही. या वर्षी वेतनवाढ मिळणार नाही आणि पदनामातील 'सीनियर' हा शब्द जाईल, या दोन गोष्टी तिने मान्य केल्या. सहा महिन्यांनी ते काम जमले नाही असे विभागप्रमुखास वाटल्यास तिला जुन्या पदावर जावे लागेल. तसे पत्रात नमूद आहे. बाहेरच्या कंपनीस तिने नकार कळविला, आणि तो कळविताना तिला रात्रभर झोप आली नाही, असे तिची आई सांगत होती.

पुढील महिन्याच्या एक तारखेपासून ती नव्या विभागात जाईल. जुन्या कामाचे हस्तांतरण सुरू आहे. वडिलांच्या वैयक्तिक विम्याचा प्रस्ताव आम्ही तरीही भरला. सहा महिन्यांनी काय होईल ते आज कोणी सांगावे? विमा कंपनीने सांगितलेल्या रक्ततपासण्या येत्या मंगळवारी सकाळी धंतोलीतच आहेत, आणि त्यांच्यासोबत मी जाणार आहे.